तिसरं गाठोडं

नांदेडला तरोडा नाक्याजवळ एका दातांच्या दवाखान्याच्या वर माझं ऑफिस आहे. तिथं बसून मी लोकांच्या धंद्याचं रूप ठरवतो. नाव, चिन्ह, रंग, अक्षर, पाकीट, पाटी, सगळं. आई विचारणाऱ्यांना सांगते, "पोरगा बॅनर करतो." सुरुवातीला मला राग यायचा. मग लक्षात आलं, समोरच्याला तासभर समजावून सांगितलं तरी तो शेवटी "म्हणजे बॅनरच की" इथंच येऊन थांबतो. तेव्हापासून मीही बॅनरच करतो.

या कामाची पहिली पायरी म्हणजे मूडबोर्ड. चिन्ह काढायच्या आधी, अक्षर निवडायच्या आधी, एका मोठ्या पुठ्ठ्यावर चित्रं, रंग, कापड, कागद, जे काही त्या मालाच्या जवळचं वाटेल ते लावायचं आणि गिऱ्हाइकापुढं ठेवायचं. अजून काहीच ठरलेलं नसतं, म्हणून माणूस मोकळं बोलतो. एकदम तयार चिन्ह दाखवलं तर तो फक्त "फोन नंबर मोठा करा" एवढंच म्हणतो. बोर्ड दाखवला की म्हणतो, हा हिरवा नको, आमच्या आजारी काकांच्या खोलीला हाच होता. मग कळतं त्याच्या मनात काय आहे. बोर्डासमोर माणसाला खोटं बोलता येत नाही, असं मी गिऱ्हाइकांना सांगायचो. मोठ्या ऐटीत सांगायचो.

पुण्याला शिकून आलो तेव्हा माझे बोर्ड इंटरनेटवरच्या चित्रांचे असायचे. लातूरच्या एका डाळमिलवाल्या शेठना मी असाच एक दाखवला होता. धुकं, राखाडी दगड, पांढऱ्या वाटीत चार दाणे. शेठ बराच वेळ बघत राहिले. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "कोण गेलं?" त्यांना तो श्रद्धांजलीचा फ्लेक्स वाटला होता. त्या दिवशी मी ठरवलं की आता परक्या मुलखातली चित्रं बंद. गोणपाटाचा तुकडा, पतंगाचा कागद, कासाराकडच्या बांगड्या, चोळीचं कापड. माणसाच्या हाताखालून गेलेलीच वस्तू लावायची. ही युक्ती इतकी चालली की मी स्वतःवर बेहद्द खूष होतो. त्याच सुमारास मावशींचं काम आलं.

मावशी माझ्या नात्यातल्या नाहीत. त्या आणि आई जळकोटला जिल्हा परिषदेच्या शाळेत बरोबर शिकवायच्या. दोघी एकमेकींना "बाई" म्हणायच्या, अजून म्हणतात. मावशींचं घर बौद्ध, आमचं शेतीवाडीवाल्यांचं हिंदू. हे वाक्य मी आज लिहितोय. लहानपणी आमच्या घरात ते कुणी उच्चारत नसे, आणि उच्चारत नाहीत म्हणजे तसलं काही नाहीच, अशी माझी समजूत होती.

शाळा सुटली की मी बऱ्याचदा मावशींकडेच जायचो. त्यांच्या हातची येसराची आमटी आणि ज्वारीची भाकरी खाल्ली नाही तर माझा दिवस जात नसे. येसर म्हणजे धान्यं आणि मसाले भाजून केलेलं पीठ, आमच्याकडं आमटीला लावतात. ते सगळ्या घरांत असतं, पण मावशींच्या येसराला जो वास होता तो कुठंच नव्हता. आई मात्र तिथं कधी जेवली नाही. आईचे उपास फार. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. मावशींकडं जायचं असलं की त्या दिवशी कुठला तरी उपास हमखास निघायचा. मावशी तिच्यासाठी केळी आणून ठेवायच्या. माझी आई भारी देवभोळी, असं मी वर्गातल्या मुलांना अभिमानानं सांगायचो.

निघताना मावशी आतून ब्लाऊजपीस घेऊन यायच्या. कुंकू नाही, तांदूळ नाही, नारळ नाही, नुसता पीस. आई उंबऱ्यात उभी राहून पदर पुढं करायची, मावशी त्यात पीस ठेवायच्या. मग दोघी आणखी बराच वेळ उंबऱ्यात बोलत उभ्या राहायच्या, आणि मी बाहेर दगडं मारत कंटाळायचो. माझ्या आठवणीतली ती सगळ्यात साधी गोष्ट आहे.

पुढं दोघी निवृत्त झाल्या. आई माझ्याकडं नांदेडला आली, मावशी लेकीकडं लातूरला गेल्या. लेक तिथल्या एका क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवते. मावशींनी घरी बसून येसर, काळा मसाला, जवसाची चटणी करायला घेतली. शेजारणी नेऊ लागल्या, लेकीच्या क्लासमधल्या बाहेरगावच्या मुली नेऊ लागल्या. मग एक दिवस मावशींचा फोन आला. "लेकरा, तू ते पाकिटाचं करतूस म्हणं. मला करून दे की."

मी लातूरला गेलो. त्यांच्या घरात मिरची भाजल्याचा खकाणा भरला होता आणि आम्ही तिघंही खोकत बोलत होतो. मावशींचं म्हणणं एकच होतं. पाकिटावर त्यांचं नाव हवं. नुसतं नाव नाही, आडनावासकट, शाळेच्या हजेरीवर असायचं तसं.

लेक म्हणाली, "आई, ते नको."

"का नको? त्याच नावानं मी अख्ख्या जळकोटची लेकरं शिकवले."

"शिकवायला चालतं. खायला चालत नाही." ती माझ्याकडं न बघता बोलत होती. "आमच्या क्लासच्या पत्रकावर सगळ्या सरांची पूर्ण नावं आहेत. माझं नुसतं पहिलं छापतात. मी सांगितलं नव्हतं. त्यांनीच ठरवलं."

मावशींनी मिरचीची परात बाजूला सारली. त्यांनी माझ्याकडं बघितलं. कितीतरी वर्षं त्यांनी मला गणितं घातली होती, आणि आता त्या मला उत्तर विचारत होत्या. मला ते फार आवडलं. मी पुढं सरकून बसलो आणि म्हणालो, "ताई, हल्ली कोण बघतं असलं? लोक चव बघतात. मावशी, तुमचं नाव हाच तुमचा ब्रँड आहे. पूर्ण नाव टाकू, मोठ्या अक्षरात टाकू."

लेक हसली. ते हसू चांगलं नव्हतं. म्हणून मी आणखी जोर लावला. "आमच्याच घराचं बघा ना. आई आणि मावशी, एवढ्या वर्षांत काही फरक होता का?"

खोकला आला म्हणून मावशी उठून खिडकी उघडायला गेल्या. खिडकीशी उभं राहून त्या म्हणाल्या, "बघू. आधी तुझा तो बोर्ड का काय ते आण."

बोर्डासाठी मला कापड हवं होतं. मावशी ज्या बायकांसाठी मसाला करतात त्यांच्या कपाटात जे रंग असतात तेच पाकिटावर यावेत, असा माझा विचार होता. आणि बायकांचं कपाट म्हटलं की माझ्या हाताशी आईचं होतं.

इथं पिसांचं थोडं सांगायला हवं. आमच्याकडं कुठल्याही घरात पिसांचे दोन गठ्ठे असतात. एक ठेवायचा, एक द्यायचा. आलेला पीस हातात घेताच बाई ठरवते की हा कुठं जाणार. द्यायच्या गठ्ठ्यातला पीस लग्नातून बारशाला जातो, बारशातून वास्तुशांतीला, आणि कधी कधी गाव फिरून मूळ मालकिणीकडंच परत येतो. ती त्याला ओळखते आणि गप्प बसते, कारण तिनंही तो कुणाचा तरीच दिलेला असतो. असा हा बिनबोभाट कारभार आहे.

आई तेव्हा इस्लापूरला मामाकडं लग्नाला गेली होती. मी फोन करून विचारलं. मागं सनईचा गोंगाट होता. "घे की," ती म्हणाली, "द्यायच्यातले घे. बाकीच्याला हात लावू नको."

द्यायच्या गठ्ठ्यात सगळा चकचकीत माल होता. डोळ्यावर येणारी जर, हात लावला की चुरचुरणारं कापड. ठेवायच्यातले बरेचसे शिवून झाले होते. मी कपाट उपसत गेलो आणि खालच्या कप्प्यात मागं सारलेलं तिसरं गाठोडं सापडलं. जुन्या पांढऱ्या पंच्यात बांधलेलं. गाठ इतकी घट्ट होती की दातांनी सोडवावी लागली. आत सुती पीस होते, एकाहून एक. कैरीचा हिरवा, वांगी, हळदी, मोरपंखी, बारीक ठिपक्यांचा मातकट लाल. घडीवर इस्त्रीची रेघ तशीच. निवडणाऱ्याची नजर एकच आहे हे मला लगेच कळलं, तेवढं मला कळतं. जे शिवलं नाही आणि कुणाला दिलंही नाही ते सगळ्यात जिवापाड जपलेलं, असा मी हिशेब केला. आई हात लावू नको म्हणाली होती, पण आया तसं म्हणतातच.

नागमोडी कात्री घेऊन मी प्रत्येक पिसातून एक चौकोन कापला. कडेचं कापड साधं होतं, नक्षी मध्ये उठून दिसत होती, म्हणून मधोमध कापला. बोर्डावर ते चौकोन लावले, बाजूला दगडफूल, सुकी मिरची, जवस, भाजलेल्या धण्याची पुडी. मध्ये जागा सोडली आणि तिथं मावशींचं पूर्ण नाव लिहिलं, फळ्यावर खडूनं लिहावं तसं. मी लांब जाऊन बघितलं, जवळ येऊन बघितलं. माझ्या हातून तेवढा चांगला बोर्ड त्याआधी झाला नव्हता. त्यानंतरही झालेला नाही.

एसटीनं गेलो. बोर्ड चादरीत गुंडाळून मांडीवर उभा धरला होता. कंडक्टरनं विचारलं, "कुणाचा फोटो हाय?" मी म्हणालो, "मसाल्याचा." तो पुढं गेला. लोहा, अहमदपूर, चाकूर, सगळा रस्ता मी खुशीत होतो.

मावशींनी त्या दिवशी इस्त्रीची साडी नेसली होती. लेकीनं क्लासला सुट्टी घेतली होती. बोर्ड दिवाणावर भिंतीला टेकवला, चादर काढली आणि मी माझं नेहमीचं भाषण सुरू केलं. अजून काही ठरलेलं नाही, मनात येईल ते बोला, चूक-बरोबर काही नसतं.

मावशी चष्मा लावून जवळ गेल्या. आधी स्वतःचं नाव वाचलं, ओठ हलवून. त्यांचा चेहरा खुलला. मग त्यांची नजर बाजूला गेली. त्यांनी हळदी चौकोनावर बोट ठेवलं. मग कापडाची कड अंगठ्यानं चाचपून बघितली.

"हा उदगीरचा हाय," त्या म्हणाल्या. "आमच्या घरभरणीला घेतलेला."

मला वाटलं त्यांना तसलाच एखादा आठवला. माझी युक्ती चालली होती, हाताखालून गेलेली वस्तू बोलती झाली होती. मी खुशीत मान हलवली.

त्यांचं बोट पुढं सरकलं. "हा हिच्या साखरपुड्याचा. हा बुद्धजयंतीचा. हा तुझ्या आईची बदली होणार म्हणून ऐकलेलं, तवाचा. मग बदली झालीच न्हाई." त्या वळल्या. "हे तुझ्या आईचे का रे?"

"हो," मी म्हणालो. "आईच्याच कपाटातले."

"शिवले न्हाईत व्हय तिनं?"

आणि मी, ज्याला रंगाची एक छटा इकडची तिकडं झालेली खपत नाही, तो मी हसत हसत म्हणालो, "छे हो मावशी, जपून ठेवलेत तिनं. सगळ्यांपेक्षा वेगळे, एका गाठोड्यात बांधून."

लेकीनं झटकन वर बघितलं. तिचं बघणं मी अजून विसरलो नाही. मग मला ऐकू आलं मी काय बोललो ते. वेगळे. बांधून. पांढरा पंचा, घट्ट गाठ, खालचा कप्पा, हात लावू नको. सोमवार, गुरुवार, चतुर्थी. सालीतली केळी. एका क्षणात ते सगळं एका ओळीत येऊन बसलं. बोर्डावर चादर टाकावी असं वाटत होतं आणि हात उचलवत नव्हता.

मावशी दिवाणाच्या कडेवर बसल्या. रडल्या वगैरे नाहीत. शाळेत एखादं मूल पाढा चुकलं की त्या ज्या आवाजात बोलायच्या त्याच आवाजात म्हणाल्या, "खात न्हाई ते मला ठाऊक होतं. म्हणून तर कपडा देत होते. म्हणलं, खाणं जमत न्हाई तिला, अंगाला तर लागंल."

मी काही तरी बोललो. मावशी, तसं नाही, असं काहीसं. तसं नाही तर कसं, हे मला सांगता आलं नसतं. लेकीनं पाण्याचा ग्लास आणून माझ्यासमोर ठेवला. मी तो घटाघट प्यालो आणि पिताना मला वाटत होतं, मी पितोय हे त्या दोघी बघतायत का. म्हणजे त्यांनी बघावं असंच मला वाटत होतं. लाज वाटायची वेळ आणि मी स्वतःला चांगला मुलगा ठरवत बसलो होतो.

थोड्या वेळानं मावशींनी चष्मा काढून पदरानं पुसला. "रंग चांगले निवडलास," त्या म्हणाल्या. "रंग हेच ठेव. नाव तेवढं काढ."

"मावशी, नाव राहू द्या."

"कुणाच्या भरवशावर ठेवू?" त्यांनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता. त्या खरंच विचारत होत्या, आणि मागच्या वेळी याच खोलीत मी त्यांना ज्या घराचा भरवसा दिला होता ते घर तुकड्यातुकड्यांनी समोर भिंतीला टेकलेलं होतं.

लेकच म्हणाली, "एखाद्या फुलाचं नाव ठेवा. फुलाला कुणी आडनाव विचारत नाही." मी वहीत लिहून घेतलं. काम आहे ना, लिहून घ्यावंच लागतं.

परत येताना एसटीत बोर्ड पुन्हा मांडीवर होता. मला आईचा संताप येत होता आणि तो संताप मला बरा वाटत होता, कारण तो होता तोवर दुसरं काही आठवत नव्हतं. घरी पोचलो. आई इस्लापूरहून आली होती, कपाट आवरत होती. तिनं रिकामा पंचा हातात धरला होता.

"ते कुठं हायत?" तिनं विचारलं.

मी माझ्या खोलीतून कापलेले पीस आणून दिले आणि चादर काढून बोर्ड तिच्यासमोर उभा केला. "ओळखले त्यांनी," मी म्हणालो. मग मी तिला नको ते बोललो. शिकलेली म्हणून बोललो, मास्तरीण म्हणून बोललो, पोरांना फळ्यावर काय लिहून द्यायचीस ते आठव, असंही बोललो. आई उभी राहून सगळं ऐकत राहिली. तिनं एकदाही नाही म्हटलं नाही.

माझं संपल्यावर ती म्हणाली, "तुझी आजी होती तवर भ्याले. ती गेल्यावर कुणाला भ्याले, ते मलाच कळंना झालंय. दुसऱ्याला द्यावं तर कुणाचा म्हणून इचारलं तर काय सांगू? टाकवत बी नव्हतं अन् घालवत बी नव्हतं." मग जरा थांबून म्हणाली, "अन् तू तर रोजच तिथं असायचास. मी तिथं खात न्हाई ते तुला कधी दिसलं न्हाई का रे?"

दिसलं होतं. रोज दिसलं होतं. मी त्याला उपास असं नाव देऊन ठेवलं होतं आणि ते नाव मला सोयीचं होतं. लोकांच्या मालाला सोयीची नावं शोधून देण्याचा धंदा मी तेव्हापासूनच करत असावा. आईवर ओरडलेला माझा आवाज अजून खोलीतच होता, आणि तो ऐकायला मला लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी आई ते सगळे पीस घेऊन शिंप्याकडं गेली. मला सांगितलं नाही, शिंपी आमच्याच गल्लीत आहे म्हणून कळलं. त्यानं एकेक पीस उलगडून बघितला आणि परत घडी घातली. मधोमध भोक असलेल्या कापडाचं ब्लाऊज होत नाही. बाहीला जोड देता येईल म्हणाला, पण पाठीचं काय करणार. "कोण कापलं हे?" त्यानं विचारलं. आई म्हणाली, "पोरानं. कामाला लागत होतं त्याला." पीस पिशवीत घालून ती घरी आली, आणि पंचा न बांधता तिनं ते ठेवायच्या गठ्ठ्यावर नुसते ठेवून दिले. कपाट उघडलं की पहिले तेच दिसतात. मी त्या घरात राहतो, कपाट मलाही उघडावं लागतं.

पाकीट झालं. कैरीच्या हिरव्यावर मातकट लाल ठिपके आणि फुलाचं नाव. छान झालं, मी खोटी विनयशीलता दाखवत नाही. लातूरला गंजगोलाईतल्या दोन दुकानांत लागलं, नांदेडलाही येतं. बघणारे विचारतात, रंग कुठून सुचले. मी म्हणतो, मूडबोर्डवरून. पाकिटाच्या मागं कायद्यानं बनवणाऱ्याचं नाव लागतं, तिथं मावशींचं नाव आहे, आडनावासकट, मुंगीएवढ्या अक्षरात. अक्षराचा आकार मीच ठरवला.

पहिली पाकिटं आली तेव्हा मावशींनी आम्हाला जेवायला बोलावलं. आईलाही, आठवणीनं. आई येईल असं मला वाटलं नव्हतं. पण ती आली. एसटीत सगळा रस्ता खिडकीबाहेर बघत बसली. मावशींनी दार उघडलं, "या बाई," म्हणाल्या, नेहमीसारख्याच. लेकीनं माझ्या आणि मावशींच्या ताटात भाकरी वाढली, आणि माझ्या आईसमोर केळी ठेवली. तो गुरुवार होता.

आईनं केळ्यांची ताटली बाजूला सारली. "बाई, मला बी भाकरी वाढा," ती म्हणाली.

मावशींनी तिच्याकडं बघितलं, उठल्या, वाढलं. आई जेवली. येसराची आमटी तिनं भाकरीत कुस्करून खाल्ली, मागून घेतली, परत मागून घेतली. थोडी आमटी साडीवर सांडली. "चव लई छान हाय बाई," ती म्हणाली. "लेकरू सांगायचं, पण मला ठाऊक नव्हतं." मावशी "हाव" म्हणाल्या आणि आणखी वाढलं. एवढंच. मला वाटलं, झालं, मिटलं. आईलाही तसंच वाटलं असावं, कारण हात धुताना तिचा चेहरा मोकळा झाला होता. ती शाळेतल्या कुठल्या तरी हेडमास्तरांची आठवण काढून हसली, आणि मावशीही हसल्या.

निघताना मी चपला घातल्या आणि मागं वळलो. आई उंबऱ्यात थांबली होती. तिनं पदराचं टोक दोन्ही हातांत धरून पुढं केलं होतं. मुद्दाम नाही, तिच्या ते लक्षातही आलं नव्हतं. इतक्या वर्षांची सवय होती.

मावशी तिच्यासमोर उभ्या होत्या. त्यांचे हात मोकळे होते. त्या आत गेल्या नाहीत. त्यांनी त्या पसरलेल्या पदराकडं बघितलं. मग त्यांनी तो हळूच आईच्या हातातून सोडवला, तिच्या खांद्यावरून घेतला, सारखा केला आणि म्हणाल्या, "निघा बाई आता. बस चुकंल तुमची."